रजेचा तक्ता आणि घराघरांतला सण

प्रश्न असा आहे. सांगलीजवळच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीत ओतकाम आणि यंत्रकाम करणारा, सुमारे दीडशे माणसांचा एक कारखाना आहे. तेथील मनुष्यबळ विभागाची जबाबदारी नव्याने स्वीकारलेल्या एका अधिकाऱ्यांनी विचारले आहे की, गणपतीपासून दिवाळीपर्यंत रजेच्या अर्जांवरून दरवर्षी भांडणे होतात, उत्तरेकडचे कामगार न सांगता निघून जातात, यंदा एका सहकाऱ्याचे वडील जाऊन तीनच महिने झाल्यामुळे दिवाळीचा कार्यक्रम करावा की नाही हे उमगत नाही, आणि मालकांचा आग्रह एकच आहे की माल वेळेवर गेला पाहिजे. अशा वेळी माणुसकीने वागायचे म्हणजे नेमके काय करायचे?

आपण ‘नेमके काय’ असे विचारलेत, म्हणून हे उत्तर थोडे लांबवण्याची मुभा घेतो. सांगली-मिरज परिसरातील कारखान्यांत कामगार अधिकारी म्हणून मी तीसहून अधिक वर्षे काढली. सणांच्या दिवसांत व्यवस्थापनाच्या माणुसकीचा कस लागतो तो रजेच्या तक्त्यावर, बोनसच्या तारखेवर आणि कोणाला काय विचारू नये हे कळण्यावर, असे माझे मत त्या अनुभवातून बनले आहे. आकाशकंदील, मिठाई आणि कार्यक्रम यांचा क्रम त्यानंतर लागतो. ज्या माणसाला बहिणीच्या घरी भाऊबीजेला जाता यावे म्हणून साहेबांच्या दारात तीनदा उभे राहावे लागले, त्याला काजूकतलीचा पुडा हातात घेताना आनंद होत नाही. तो पुडा घेतो, कारण घरी मुले वाट पाहत असतात.

रजेपासून सुरुवात करतो, कारण निम्म्याहून अधिक कटकटींचे मूळ तेथेच आहे. आपल्या जिल्ह्यात गणपती एका दिवशी येतो, पण जातो निरनिराळ्या दिवशी. तासगावच्या संस्थानच्या गणपतीचा रथोत्सव चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला असतो आणि त्या दिवशी तासगावच्या माणसाला रथाच्या दोराला हात लावायचा असतो. सांगलीच्या संस्थानच्या गणपतीचे विसर्जन पाचव्या दिवशी होते. मिरजेची मिरवणूक अनंत चतुर्दशीला निघाली की दुसरा दिवस उजाडला तरी रस्त्यावरच असते. त्यात ज्यांच्या घरी गौरी बसतात त्यांचे तीन दिवस वेगळे. आता कारखान्याने चतुर्थीची एक आणि अनंत चतुर्दशीची एक अशा दोन सुट्ट्या जाहीर केल्या की कागदावर सर्वांना समान न्याय झाला असे दिसते. प्रत्यक्षात तासगावच्या फिटरला नको असलेली सुट्टी मिळाली आणि हवी असलेली नाकारली गेली. मग ऋषिपंचमीला त्याला ताप येतो. हा ताप आपण सर्वांनी पाहिलेला आहे. त्या फिटरला आळशी किंवा खोटारडा म्हणण्यापूर्वी, खरे बोलून त्याला काय मिळाले असते, हा प्रश्न अधिकाऱ्याने स्वतःला विचारावा.

दसऱ्याचेही तसेच आहे. कवठे एकंदला दसऱ्याच्या रात्री पालखीपुढे शोभेच्या दारूची आतषबाजी होते आणि त्या गावचा तरुण दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला येईल अशी अपेक्षा ठेवणे म्हणजे मस्टरवर लाल शेरा मारण्याची आधीच तयारी करणे होय. त्याला दुसरी पाळी दिली की विषय मिटतो. कडेगावच्या माणसाला मोहरमला उंच ताबुतांच्या भेटी चुकवायच्या नसतात, आणि तो माणूस मुसलमानच असेल असेही नाही. गावच्या जत्रेची तारीख तर कोणत्याही छापील सुट्ट्यांच्या यादीत नसते, पण मुंबई-पुण्याला गेलेला भाऊ दिवाळीला आला नाही तरी जत्रेला येतो, हे आपल्या भागातल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

यावर मी केलेला उपाय साधा होता. पावसाळ्याच्या तोंडाला, जून महिन्यात, प्रत्येकाला एक चिठ्ठी द्यायची आणि त्यावर एकच प्रश्न: पुढच्या बारा महिन्यांत कोणते तीन दिवस आपण काहीही झाले तरी घरी असायला हवेत? कारण लिहिण्याची सक्ती नाही. पहिल्या वर्षी ज्या चिठ्ठ्या परत आल्या त्यांनी माझ्याच डोक्यातल्या समजुती मोडल्या. भांडारातील आमचे जैन सहकारी दरवर्षी अनंत चतुर्दशीची सुट्टी आवर्जून घेत, आणि ती मिरवणुकीसाठी असते असे मी इतकी वर्षे धरून चाललो होतो. त्यांनी लिहिले की दशलक्षण पर्वाचा तो शेवटचा दिवस आणि त्यांचा उपवास असतो. दोघांनी सणाचा दिवस मागितलाच नव्हता, पितृपंधरवड्यातला म्हाळाचा दिवस मागितला होता. तासगाव आणि पलूसकडच्या तिघांनी ‘छाटणी’ एवढाच शब्द लिहिला होता, कारण द्राक्षबागेची ऑक्टोबर छाटणी आणि आपली निर्यातीची घाई एकाच वेळी येते, आणि बाग त्यांची वाट पाहत थांबत नाही. एका टर्नरने फक्त एक तारीख लिहिली होती व शेजारी काहीच नव्हते. मी विचारले नाही. त्या तारखेला त्याला रजा दिली आणि पुढे निवृत्त होईपर्यंत दरवर्षी देत गेलो.

कायद्यालाही हेच अभिप्रेत आहे, फक्त आपण तो वाचताना घाई करतो. दुकानांना आणि कार्यालयांना लागू असणाऱ्या महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्यात वर्षाला 8 भरपगारी सुट्ट्या आहेत. त्यांपैकी 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर हे दिवस ठरलेले आहेत आणि उरलेले 4 सणांचे दिवस मालक व कर्मचारी यांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी परस्पर संमतीने ठरवावेत असे म्हटले आहे. ‘परस्पर संमतीने’ याचा अर्थ मागच्या वर्षीच्या यादीवर नवा सन टाकून ती फलकावर लावणे असा होत नाही. आपला कारखाना असल्याने आपल्याला नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेला 1948 चा कारखाने अधिनियम आणि त्यातील रजेचे नियम अधिक परिचयाचे असतील: वर्षात 240 दिवस भरले की प्रत्येक 20 दिवसांमागे एक भरपगारी रजा मिळे, आणि ती हवी असल्यास 15 दिवस आधी अर्ज द्यावा लागे. हे 15 दिवस कामगाराला बांधत, पण चांगल्या अधिकाऱ्याने ते स्वतःलाही बांधून घ्यावेत. अर्ज 15 दिवस आधी यावा असा आग्रह धरणाऱ्याने उत्तर रजेच्या 14 दिवस आधी द्यायला हवे. आदल्या संध्याकाळी नव्हे.

एकाच दिवशी सर्वांना रजा देता येत नाही, हे खरेच आहे. तेथे ज्येष्ठतेचा नियम लावू नये, असे मी आग्रहाने सांगेन. ज्येष्ठता हा सोयीचा नियम वाटतो. त्याने वाद होत नाहीत, पण नव्या मुलांच्या वाट्याला सलग पाच-सहा दिवाळ्या कारखान्यात येतात. मी ठेवलेला नियम असा होता की मागच्या वर्षी लक्ष्मीपूजनाला जो कामावर होता, त्याची यंदा पहिली निवड. त्यासाठी एक शंभर पानी वही पुरते, मात्र ती सर्वांना पाहता येईल अशी हजेरीच्या खिडकीपाशी ठेवायला हवी.

या वहीमुळे मला दोन अन्याय दिसले, जे तोवर दिसत नव्हते. पहिला देखभाल विभागाचा. दिवाळीत कारखाना चार दिवस बंद, असे आपण अभिमानाने सांगतो, पण भट्टीचे अस्तर बदलणे, विजेच्या मोठ्या पॅनेलची कामे, क्रेनची दुरुस्ती ही सगळी कामे त्या चार दिवसांतच काढलेली असतात. सर्वांना सुट्टी म्हणजे इलेक्ट्रिशियनला आणि मेंटेनन्सच्या फिटरला कामाचे सर्वांत जड चार दिवस. वही पाहिली तेव्हा एका इलेक्ट्रिशियनने अकरा वर्षांत एकदाही नरक चतुर्दशीची पहिली आंघोळ घरी केलेली नाही असे निघाले. जादा कामाचा दुप्पट दर त्याला मिळत होता, आणि त्याबद्दल त्याची तक्रारही नव्हती. पण त्याचा मुलगा तोवर दहावीत गेला होता. पुढच्या वर्षी आम्ही अस्तराचे काम गणपतीच्या काळातील दोन दिवसांच्या बंदात ओढले. उत्पादन विभागाने आठवडाभर कुरकुर केली आणि मग विसरून गेला.

दुसरा अन्याय अविवाहितांचा. ‘तुला काय, तू सडाफटिंग, तू थांब’ हे वाक्य आपल्या कारखान्यांत इतके हसत-खेळत म्हटले जाते की त्यात काही वावगे आहे असे कोणाला वाटत नाही. त्या मुलाची म्हातारी आई गावाकडे एकटी असते, हे त्या हसण्यात हरवते. मुसलमान आणि ख्रिस्ती सहकाऱ्यांनाही दिवाळीत असेच गृहीत धरले जाते. बहुतेक जण स्वतःहून पाळी बदलून देतात, हे मी पाहिले आहे, आणि त्या देवाणघेवाणीत जी आपुलकी असते ती कोणत्याही स्नेहमेळाव्यात नसते. पण ‘तुमचा सण नाही, मग तुम्ही थांबा’ हे वाक्य आणि ‘यंदा लक्ष्मीपूजनाला आपण थांबू शकाल का, ईदला मी आपली सोय पाहतो’ हे वाक्य यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. दुसरे वाक्य उच्चारल्यावर ते वहीत लिहावे आणि पाळावे. ईद चंद्रदर्शनावर अवलंबून असल्याने रजा एक दिवस इकडे किंवा तिकडे सरकते. अशा वेळी नवा अर्ज मागू नये. दोन्ही दिवस राखून ठेवावेत आणि चंद्र दिसला की त्यातला एक सोडून द्यावा. मिरजेच्या ख्रिस्ती कुटुंबांतील कामगारांचा नाताळ नेमका डिसेंबरअखेरच्या साठा मोजणीच्या आठवड्यात येतो, म्हणून भांडार आणि लेखा विभागाने त्याकडे विशेष लक्ष द्यावे.

आता उत्तरेकडचे कामगार. ते न सांगता जातात अशी आपली तक्रार आहे. माझा प्रतिप्रश्न असा की त्यांनी विचारले तेव्हा त्यांना काय उत्तर मिळाले होते? बहुधा ‘बघू’. हा शब्द सणाच्या दिवसांत व्यवस्थापनाने उच्चारू नये. बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातील माणसासाठी दिवाळीपेक्षा छठ मोठी असते. ती कार्तिक शुद्ध षष्ठीला, म्हणजे लक्ष्मीपूजनानंतर सहाव्या दिवशी येते आणि तिचे व्रत चार दिवसांचे असते. दिवाळीच्या चार सुट्ट्या देऊन पाडव्यानंतर लगेच कामावर या असे सांगणे म्हणजे त्यांना सणाच्या आदल्या आठवड्याची सुट्टी देणे झाले. शिवाय मिरज जंक्शनवरून किंवा पुण्याला जाऊन गाडी पकडायची तर तिकीट हवे. रेल्वेचे आगाऊ आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून 120 ऐवजी 60 दिवस आधी खुले होते आणि छठच्या गाड्या खुल्या होताच भरतात. म्हणून या मंडळींच्या रजेचा निर्णय प्रवासाच्या 65 दिवस आधी त्यांच्या हातात असला पाहिजे. ज्याच्याकडे परतीचे पक्के तिकीट आहे तो त्या तारखेला परत येतो. जो गाडीच्या दाराशी उभा राहून गावी गेला, तो कधी येईल हे त्यालाही माहीत नसते.

बोनसबद्दल थोडक्यात सांगतो, पण यात चूक झाली तर बाकी सर्व वाया जाते. 1965 च्या कायद्याने घातलेली आणि 2019 च्या वेतन संहितेनेही कायम ठेवलेली किमान 8.33 टक्के आणि कमाल 20 टक्के ही चौकट सर्वांना पाठ असते. गैरसमज होतो तो हिशोबाच्या पायावर. 2015 च्या दुरुस्तीने मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून महिना 21,000 रुपयांपर्यंत वेतन असणारा कर्मचारी बोनसला पात्र ठरला, परंतु किमान बोनसचा हिशोब 7,000 रुपये किंवा त्या कामाचे किमान वेतन, यांपैकी जे जास्त असेल त्यावर धरला गेला. 8.33 टक्के म्हणजे एक पगार, असे ऐकून आलेला 18,000 रुपयांचा कामगार पूर्ण पगाराची आशा धरतो, त्या आशेवर बायकोला पैठणी नाही तरी इरकल कबूल करतो, आणि खात्यात रक्कम कमी आली की त्याला फसवल्यासारखे वाटते. त्याला कोणी फसवलेले नसते. फक्त कोणी सांगितलेले नसते. दसऱ्यापूर्वी प्रत्येकाच्या हातात हिशोबाची चिठ्ठी द्यावी: किती वेतनावर, किती दिवसांसाठी, किती टक्क्यांनी, किती रुपये. वर्षात 30 दिवस काम केलेला माणूसही पात्र असतो आणि मधेच नोकरी सोडून गेलेल्याचाही त्यात हक्क असतो, हे बहुतेक ठिकाणी सोयीने विसरले जाते.

तारखेचे म्हणाल तर हिशोबाचे वर्ष मार्चला संपल्यावर आठ महिन्यांच्या आत, म्हणजे 30 नोव्हेंबरपर्यंत, बोनस देण्यास कायदा मुभा देतो. दिवाळी मात्र बहुधा त्याआधीच येते. कायद्याच्या तारखेकडे बोट दाखवून धनत्रयोदशी कोरडी घालवणाऱ्या कारखान्यांतील माणसे मग मंगळसूत्र गहाण ठेवून किराणा भरतात. वसुबारसेच्या किमान दहा दिवस आधी रक्कम खात्यावर असावी. त्या दहा दिवसांचे कारण असे की रवा, बेसन, तेल आणि कपडे यांचे भाव शेवटच्या दोन दिवसांत गरिबालाच जास्त पडतात. ठेकेदाराच्या माणसांचा बोनस ठेकेदाराने द्यायचा असतो हे मान्य, पण त्याने तो दिला की नाही हे पाहणे आपल्या टेबलावरचेच काम आहे.

ठेकेदाराच्या माणसांचा विषय निघाला म्हणून माझी एक चूक सांगतो. एका वर्षी आम्ही कायम कामगारांना एक किलोचा मिठाईचा पुडा आणि ठेका कामगारांना अर्धा किलोचा पुडा दिला. पुड्यांचा रंगही वेगळा होता, म्हणजे वाटप करणाऱ्याचा घोटाळा होऊ नये, इतकी आमची व्यवस्था चोख होती. संध्याकाळी फाटकावर पाहिले तर ठेक्यावरची काही माणसे पुडा शर्टाच्या आत धरून बाहेर पडत होती. एकाच मोल्डिंग लाइनवर शेजारी शेजारी उभे राहणाऱ्या दोघांपैकी एकाच्या मुलाने दुसऱ्याच्या घरचा मोठा पुडा पाहू नये, एवढ्यासाठी ती धडपड होती. पुढच्या वर्षीपासून सर्वांना पाऊण किलो, एकाच रंगात. खर्च जवळपास तेवढाच आला.

याहून मोठी चूक 2019 सालची. त्या ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात कृष्णेने सांगलीत आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर पातळी गाठली. धोक्याची पातळी 45 फूट आहे, यावरून काय झाले असेल याची कल्पना बाहेरच्यालाही येईल. गणेश चतुर्थी 2 सप्टेंबरला होती. मधे जेमतेम तीन आठवडे. कारखान्याच्या गणपतीची वर्गणी दरवर्षी सर्वांच्या संमतीने पगारातून जात असे, आणि मी त्या वर्षी ते थांबवायचे विसरलो. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सांगलीवाडीचा एक हेल्पर माझ्याकडे पंचनाम्यासाठी नोकरीचा दाखला मागायला आला. त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून रेशनकार्ड काढले. ते भिजून फुगले होते, पाने एकमेकांना चिकटली होती, शाई पसरली होती. त्याखाली पगाराची चिठ्ठी होती, नवी कोरी, आणि तीवर ‘गणेशोत्सव वर्गणी 151’ ही ओळ. त्याने ती ओळ मला दाखवली नाही. त्याला फक्त रेशनकार्डावरचा पत्ता दाखवायचा होता. मी दाखला लिहिताना दोन वेळा तारीख चुकवली. त्या दिवशी सर्वांची वर्गणी परत केली, आणि त्यानंतर वेतनातून कोणत्याही सणाची वर्गणी कापली नाही. वर्गणी हवी तर पेटी ठेवावी. पेटीत कोणी किती टाकले हे पाहायला तेथे कोणी उभे राहू नये. नवरात्रातल्या नऊ रंगांनाही हेच लागू आहे: कार्यालयातल्या ताईंना नऊ साड्यांची हौस असेल तर जरूर असावी, परंतु पॅकिंग विभागातील रोजंदारीवरच्या बाईला सामूहिक छायाचित्राच्या वेळी ‘आज हिरवा नाही का?’ असे विचारणारा माणूस तिच्या कपाटात डोकावतो आहे, हे त्याला कळायला हवे.

आता आपल्या त्या सहकाऱ्याविषयी, ज्यांचे वडील तीन महिन्यांपूर्वी गेले. आपल्याकडे घरात कोणी गेले की वर्षभर सण करत नाहीत, दिवाळीला त्या घरात तळणाची कढई चढत नाही. आप्त-शेजारी फराळ घेऊन जातात आणि थोडा वेळ बसून येतात. कार्यालयाने यापेक्षा वेगळे काही शोधून काढण्याची गरज नाही. कार्यक्रम रद्द करू नये, कारण ‘याच्यामुळे यंदा काही नाही’ हे ओझे त्या माणसावर येते आणि ते त्याने मागितलेले नसते. कार्यक्रमाच्या दोन-तीन दिवस आधी आपण एकट्याने, चारचौघांत नव्हे, त्यांच्याशी बोलावे: कार्यक्रम शुक्रवारी चार वाजता आहे, आपण आलात तर बरे वाटेल, त्या वेळी घरी जायचे असेल किंवा कामावरच राहायचे असेल तर तसेही चालेल, मला काही सांगण्याचीही गरज नाही. एवढे पुरे. कोणी कामात राहून दुःख मागे टाकू पाहतो, कोणाला दिवाळीच्या दिवसांत आईजवळ बसायचे असते. आपण ठरवू नये. दिवाळीच्या दिवशी कारखान्यातील दोघे-तिघे फराळाचे डबे घेऊन त्यांच्या घरी जातील असे पाहावे. त्याचे छायाचित्र व्हॉट्सॲपच्या गटावर येणार नाही, हेही पाहावे. आणि ‘शुभ दीपावली’ची जी तयार चित्रे आपण सर्वांना धाडतो, त्या यादीतून त्यांचे नाव काढून त्यांना दोन ओळी स्वतंत्र लिहाव्यात.

2021 च्या दिवाळीत आमच्याकडे असे एक नव्हे, अनेक घरे होती. करोनाच्या दुसऱ्या लाटेने त्या उन्हाळ्यात जवळजवळ प्रत्येक विभागातून कोणाचा ना कोणाचा माणूस नेला होता. तेव्हा आम्ही कार्यक्रम अर्ध्या तासाचा केला, गाणी-बजावणी ठेवली नाही, आणि बोनस मात्र एक आठवडा आधी दिला, कारण रुग्णालयांची देणी अजून फिटली नव्हती.

विधवा सहकारी भगिनींबाबत आपण विचारलेले नाही, तरी सांगतो, कारण नवरात्र आणि पुढे संक्रांत आली की हा प्रश्न आपल्यापुढे येणार आहे. कार्यालयात हळदी-कुंकू ठेवले की ज्यांना बोलावले जात नाही त्या त्याच वेळी भांडारात काहीतरी मोजायला जातात. मी ते अनेक वर्षे पाहिले आणि त्याला योगायोग म्हणत राहिलो. आपल्या शेजारच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने मे 2022 मध्ये ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचा आदर्श घेण्यास सांगितले. एका गावाला जे जमले ते कारखान्याला न जमण्यासारखे नाही. पण ठराव लावून कोणाला हाताला धरून पुढे आणू नये. त्यानेही माणूस अवघडतो. समारंभाचे नाव तिळगूळ समारंभ ठेवावे, सर्व स्त्री-पुरुषांना एकाच पत्रकाने बोलवावे, वाण सर्व स्त्रियांना एकसारखे द्यावे, आणि ते वाटण्याचे काम एखाद्या ज्येष्ठ भगिनीकडे द्यावे, मग त्या कोणीही असोत. ‘पहिली दिवाळी ना, सासरी की माहेरी?’, ‘यंदा तरी पेढे मिळणार का?’ असले प्रश्न पर्यवेक्षकांनी विचारू नयेत हे मात्र बैठकीत स्पष्ट सांगावे लागते, कारण विचारणाऱ्याला ती चौकशी वाटते आणि ऐकणारीचे कोर्टात प्रकरण चालू असते.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. हार-नारळ मालकांच्या हातून होणे ही रीत असेल तर ती राहू द्यावी, पण प्रत्येक यंत्रावरचे झेंडूचे फूल त्या यंत्रावर वर्षभर उभे राहणाऱ्याने वाहावे. सुट्टीच्या काळात एकच फोन चालू ठेवावा आणि तो कोणाकडे आहे हे सर्वांना कळवावे, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या वेळी निम्म्या कारखान्याचे फोन वाजत नाहीत. रखवालदाराच्या रात्रीच्या जेवणाचे मी सांगायला नको. तो डबा एका तरी अधिकाऱ्याने स्वतः नेऊन द्यावा आणि दहा मिनिटे त्याच्याजवळ बसावे.

राहिले मालक. त्यांचे म्हणणे मी खोडून काढणार नाही. ग्राहकाचा माल अडला तर पुढच्या वर्षी बोनस कशातून द्यायचा, हा त्यांचा प्रश्न खरा आहे. त्यांच्याशी भावनेच्या भाषेत बोलू नये. मागच्या तीन वर्षांचे मस्टर काढावे, ऋषिपंचमी, दसऱ्याचा दुसरा दिवस आणि भाऊबीजेनंतरचा आठवडा या दिवशी न कळवता किती जण गैरहजर होते ते लिहावे, शेजारच्या रकान्यात त्या दिवशी किती कास्टिंग कमी निघाली ते लिहावे, आणि तिसऱ्या रकान्यात त्यांपैकी किती जणांनी आधी अर्ज केला होता व तो नाकारला गेला होता, तेही लिहावे. तिसरा रकाना भरताना आपल्यालाच थोडे अवघड वाटेल. यंदाचा जून हातून गेला असला तरी तीन दिवसांची चिठ्ठी या आठवड्यातही वाटता येते. उरलेल्या सणांपुरती ती पुरेशी आहे. मालकांकडे हा कागद मात्र बोनसच्या बोलणीच्या आठवड्यात नेऊ नये, नाहीतर ते त्याला युनियनचे निवेदन समजतील. त्याच्या आधीच, एखाद्या साध्या मंगळवारी न्यावा.